खाली बसल्यावरचं स्वयंपाकघर

आई, तुझं स्वयंपाकघर मी परत बांधलं. विटामातीचं नाही. डोळ्यांवर बांधायचा एक चष्मा निघाला आहे, डबड्यासारखा. घातला की मान वळवू तिकडं दुसरंच घर दिसतं. पूर्वी त्याला मोठा कॉम्प्युटर लागायचा, वायरींचा गुंता असायचा. आता सगळं त्या डबड्यातच, आणि भाव चांगल्या मोबाईलएवढा. मी अमरावतीत जुने दोन घेतले, एक एसटीच्या पार्सलनं अकोल्याला ताईकडे पाठवला. नेट लागलं की ती तिथून, मी इथून, दोघं एकाच खोलीत. तू गेल्यापासून ताई माझ्याशी कामापुरतंच बोलते. म्हणून हा उपद्व्याप.

घर पाडायच्या आधी ताईनं सगळं टेपनं मोजून ठेवलं होतं. त्यावरून चष्म्यातल्या खोलीत हिरवट भिंती चितारल्या, डब्यांची फळी काढली, खिडकीतलं तिरपं ऊन काढलं. त्या उन्हापायी तर मी शेंदूरजनाघाटला एका दोस्ताच्या संत्र्याच्या बागेत जाऊन आलो, पानांतून ऊन कसं उतरतं ते बघायला. कामाचं काही हाती लागलं नाही, संत्री मात्र पोटभर खाल्ली. असो. नेटवरून ताई आली. चष्म्यात माणसाचे पाय दिसत नाहीत, नुसतं डोकं आणि दोन हात, हवेत तरंगत. चारी बाजूंनी फिरून म्हणाली, "हे आईचं घर नाही रे. भातुकलीचं होय. फळी पाह्य कुठी आली, माझ्या छातीशी!"

"तूच तर मोजून देल्लं."

"मोजलं बरोबर. पण हे ते नाही."

चष्मा न काढताच चाचपडत बाटली घेतली, तोंडाला लावली. घटघट आवाज तिकडं अकोल्यात पोचला. "उभ्यानं पाणी पिऊन राहिला का?" ताई ओरडली, आणि आई, तो आवाज तुझा होता. तू चुलीपाशी मेथीच्या जुड्या बांधते आहेस, मी एवढासा, दारात, एक पाय आत, एक बाहेर, तांब्या तोंडाला. तू मान वर न करता म्हणतेस, "बूड टेकव जरा. पाणी पळून नाही चाललं." मी बसलो. तिथंही आणि इथंही, अमरावतीच्या फरशीवर.

आणि घर मोठं झालं. फळी वर गेली, डबे हात पुरणार नाहीत इतके उंच, खिडकीत नुसतं आभाळ. "ताई, खाली बस," मी म्हटलं. तिचं डोकं हळूहळू खाली आलं. ते वर फळीकडे वळलं. मग म्हणाली, "हाव रे. हेच हाय."

थोड्या वेळानं ती खिडकीकडे जायला उठली. चुलीपाशी मी काहीच काढलं नव्हतं, पाटसुद्धा नाही. तिथून सरळ गेली असती तरी कशाला धडकली नसती. पण तिचं डोकं त्या रिकाम्या जागेला वळसा घालून गेलं, मेथी पसरली असल्यावर आम्ही जायचो तसं.

तिथूनच, पाठमोरी, तिनं विचारलं, "आईनं दवाखान्यातून फोन केला, तवा तू कुठी होता?"

इतकी वर्षं मी तिला सांगत आलो, परतवाड्याला उतरायला जीप भेटली नाही. तुला तर फोनवर म्हटलं होतं, येऊन राहिलो, निघालोच. आई, मी चिखलदऱ्यातून उठलोच नव्हतो. दरीतून धुकं वर येत होतं, ते बघत होतो. वाटलं, एक संध्याकाळ अजून.

"समोर येऊन सांगतो," मी ताईला म्हणालो.

"जीपचं नको सांगू. कधी येतो?"

"येऊन राहिलो."

हे अमरावतीच्या स्टँडवर, बाकावर बसून लिहितो आहे. बॅग मांडीवर आहे. अकोल्याच्या दोन गाड्या समोरून गेल्या.