आत्याबाईंचं नाव घालायचं

आत्याबाई,

धाराशिवच्या अभ्यासकेंद्रातला तो साहेब तुमच्याशी धडधडीत खोटं बोलला! आपण तुमचं नाव घालायला गेलो, तर "साठीला आल्यावर घरी बसून कुणी शिकतं का?" म्हणून त्यानं दात काढले, आणि तुम्ही गुमान माघारी आलात. तवापासून माझं डोकं फिरलंय.

काल माझा निकाल लागला. देशभर नाव असलेल्या मुक्त विद्यापीठाची बी.ए., तीबी पहिल्या वर्गात! तेर गावातल्या आपल्या चुलीपुढं बसूनच शिकले ना मी? आणि एकटी कुठं शिकले? सासू असून माझ्या वाटणीच्या भाकरी तुम्ही थापायच्या आणि मला मोठ्यानं वाचायला लावायच्या. कंटाळून एखादं पान गाळलं की परातीवरूनच ओरडायच्या, "ए, मधलं पान खाल्लंस व्हय गं?"

म्हणून सकाळच्या गाडीनं धाराशिवला चाललेय. निकाल त्या साहेबाच्या टेबलावर आपटणार. तुमच्यासारख्या चौथीत शाळा सुटलेल्यांसाठी आधी तयारीचा अभ्यासक्रम असतो, हे मी वाचलंय. आता त्यानं मला शिकवू नये.

कालवण झाकून ठेवलंय. चष्मा पिठाच्या डब्यावर आहे. ही चिठ्ठी ह्यांच्याकडून वाचून घ्यायची न्हाई. बोट ठेवून, सावकाश, तुमची तुम्हीच वाचायची.

इथपर्यंत आलात ना? मग साहेब खोटा ठरला. दुपारी मी त्याच्यासमोरच उभी असेन. तेव्हा फोन करा आणि त्यालाही ऐकू जाईल असं सांगा. 'बघू' म्हणायचं न्हाई. नाव घालू का नको?

देवश्री