डोळ्याला न शिवता

ती. बाबांना नमस्कार, आणि लगेच भांडण.

बुबुळाची जाडी मोजायला डॉक्टर पेनासारखं काहीतरी टेकवू लागले आणि तुम्ही खुर्ची सोडून पळालात, असं आई म्हणाली. शोभतं का?

आमच्या दवाखान्यातली दोन यंत्रं डोळ्याला न शिवता, लांबूनच फोटो काढून मोजतात. सध्या त्यांची तुलना चाललीय. पहिला डोळा माझाच. आकड्यांत केसभर फरक निघाला, मी घाबरले. आमच्या मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "दोन्ही बरोबर. फक्त यंत्र मध्येच बदलायचं नाही."

तसं यंत्र तुमच्या घराजवळच्या एका दवाखान्यातही आहे, मी चौकशी केलीय. दर वेळी तिथेच जा.

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. वाचता येतंय ना?

मोजताना डोळे तेवढे उघडे ठेवा. मला निरोप देताना घट्ट मिटून घेतले होते, तसं नको.

तुमची भांडखोर धाकटी