शेवटची चार प्रकरणे ह्यांचीच

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडून, कोणाच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मर्जीने हे मृत्युपत्र करते. भाषा वकिलांनी दोनदा सुधारली आहे. तेव्हा "बघा, बाईंना लिहिता येत होतं" असे कोणी म्हणू नये.

१. दोन खोल्यांचे राहते घर व बँकेतील शिल्लक मुलीला. पुढची खिडकी बुजवून कपाट करण्याचा बेत जावईबापूंनी सोडून द्यावा. त्या खिडकीशी माझे मशीन आणि ह्यांचे टेबल चाळीस वर्षे शेजारी होते.

२. मशीन, मोठी कात्री व मापांच्या वह्या माझ्याकडे काज-बटण करणाऱ्या बाईला. हात चांगला आहे. तोंड मात्र गिऱ्हाइकासमोर आवरावे.

३. ह्यांच्या सर्व पुस्तकांचे हक्क मुलीला, एका अटीवर. शेवटच्या कादंबरीवरून माझे नाव काढावे. चरित्रकार प्राध्यापकांनी छापले की अर्धांगवायूने उजवा हात गेल्यावर ह्यांचे लिहिणे संपले, आणि शेवटच्या चार प्रकरणांचे अक्षर वेगळे आहे म्हणजे ती बायकोने लिहिली. एकेक वाक्य नऊ-नऊ वेळा खोडणाऱ्या माणसाला तेव्हापासून लोक बायकोच्या जिवावर मोठा झालेला म्हणतात. प्रकाशकांनी तर नव्या आवृत्तीवर माझे नाव ह्यांच्या वर टाकले.

ते अक्षर ह्यांच्या डाव्या हाताचे आहे. साठाव्या वर्षी हे पुन्हा मुळाक्षरे गिरवायला बसले. मी म्हटले, "अहो, तुम्ही सांगा, मी लिहून घेते." तर म्हणाले, "तू माझं वाक्य सरळ करशील. मला ते वाकडंच हवंय. हा हात अडाणी आहे गं, आळशी नाही." सात महिन्यांत अकरा वह्या भरल्या.

४. त्या वह्या, तारखांसकट, सार्वजनिक ग्रंथालयाला. मागेल त्याला दाखवाव्यात. प्राध्यापकांसाठी एक कोरी वही ठेवली आहे. तिचे एक पान त्यांनी डाव्या हाताने भरावे, मग माझ्या नवऱ्याविषयी बोलावे.

५. निम्मा दोष माझा. "हे अक्षर कोणाचं हो, बाई?" असे प्राध्यापकांनी विचारले तेव्हा मी नुसती हसले. जन्मभर लोकांचे कपडे शिवले, कोणी व्यासपीठावर खुर्ची दिली नव्हती. ती मिळाली आणि गोड लागली. मुलगी म्हणाली, "आई, तू गप्प का बसलीस?" तेव्हाही मी बोलले नाही. त्याची मला लाज वाटते.

६. माझ्या निधनाच्या बातमीत मला लेखिका म्हणू नये. शिवणकाम करत होती, असे लिहावे. उजवा हात गेल्यावर ह्यांच्या प्रत्येक सदऱ्याची बटणपट्टी मी उसवून उलट्या बाजूला घेतली, म्हणून हे शेवटपर्यंत आपली बटणे आपण लावत होते. कौतुक करायचेच असेल तर त्या सदऱ्यांचे करावे. ते काम माझे आहे.

स्थळ: राहते घर, पुढची खोली
दिनांक: नऊ मार्च, सकाळी अकरा
सही: हे मृत्युपत्र लिहून ठेवणारी

आमच्यासमोर वाचून सही केली. साक्षीदार:
१. वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर (सही)
२. ह्यांच्या हाताचा व्यायाम घेणाऱ्या बाई. पहिली वही याच बाईंसमोर सुरू झाली (सही)