लिहिणारा अजून बोलतोय

रूसे, ९ सप्टेंबर २००३

चि. ल्युबेन यास अनेक आशीर्वाद.

हळू वाच गं, लिहिणारा अजून बोलतोय, असं पेनका मावशी मला म्हणाली तेव्हा तू तिच्या मांडीवर झोपला होतास. आई कारखान्यात पाळीला गेली की आपण खालच्या मजल्यावर तिच्याकडेच. वर्तमानपत्राच्या ओळीखाली ती माझं बोट धरून फिरवायची, आणि मी ओठ हलवत वाचायची. तेव्हापासून मी तशीच वाचते. आज कचेरीत त्याबद्दल बोलणी खाल्ली.

तुमच्या सोफियाच्या मुख्य कचेरीतून फर्मान आलं आहे. विम्याच्या दावे विभागातल्या प्रत्येकाने भरभर वाचायला शिकायचं, ऑक्टोबरअखेर परीक्षा द्यायची, आणि नापास होईल त्याने विभाग सोडायचा. खाली सही तुझी. शाळेत प्रगतिपुस्तकावर बाबांची सही करायचास, त्यापेक्षा ही बरी जमली आहे हो.

शिकवायला वार्नाची एक तरुण मुलगी येते. ओठ हलू नयेत म्हणून ती आमच्या दातांत पेन्सिली धरायला लावते. पन्नाशीला टेकलेल्या आम्ही बाया काठ्या पकडलेल्या कुत्र्यांसारख्या रांगेत बसतो. माझ्या शेजारच्या टेबलावरची तोदोरका म्हणाली, निदान तेवढा वेळ कुणाची निंदा तरी होत नाही. मुलगी सांगते की वाचताना मनात जो आवाज येतो तो लंगडा सोबती आहे, त्याला मागे सोडा. मला ते काही आवडलं नाही रे. आमच्याकडे मेलेल्यांच्या घरून पत्रं येतात. ती ऐकू येऊ नयेत, असं तुम्हाला का वाटतं?

मावशी बरी आहे. गुडघे धरतात. तुझी आठवण काढते.

तुझी ताई, जिला तुझ्याबद्दल माया आहे आणि आज थोडा रागही,
रायना

*

सोफिया, १७ सप्टेंबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसलो. पेन्सिलीचं चित्र डोळ्यांपुढून जाईना. मीही धरली होती पेन्सिल, बरं का. माझ्या पेन्सिलीवर अजून दातांच्या खुणा आहेत.

पण रागावण्याआधी एक ऐक. व्हिदिनच्या एका विधवेचं पत्र आपल्याकडे वसंत ऋतूपासून पडून होतं. कुणी हरवलं नव्हतं, कुणी पैसेही खाल्ले नव्हते. फक्त त्या पत्राची पाळी आली नव्हती. आम्ही ते उघडलं तोवर तिने नवऱ्याचं सुतारकामाचं दुकान विकून टाकलं होतं. ताई, तिला हळू वाचणाऱ्यांनीच ताटकळत ठेवलं. तू एकेका पत्रापाशी माया करत बसतेस, आणि खालची पत्रं तुझी वाट पाहत बसतात.

ज्याला हवं त्याने शिकावं, असं म्हणून पाहिलं. कुणीच शिकलं नाही. म्हणून सक्ती. आणि यात सूट कुणालाही नाही. माझ्या बहिणीला तर नाहीच नाही. तुला सूट दिली तर उद्या मला लोकांना तोंड दाखवता येणार नाही. तेवढं मागू नकोस.

नाताळात येईन. मावशीला सांग, भोपळा भरलेली बानित्सा भाजून ठेव, मागच्यासारखी वरून करपवू नकोस.

रागातसुद्धा माया करणाऱ्या ताईचा
ल्युबेन

*

रूसे, ८ ऑक्टोबर

चि. ल्युबेन यास आशीर्वाद.

तुझ्या विधवेने मला दोन रात्री झोपू दिलं नाही. तुझं म्हणणं खोटं नाही. मी मन लावून शिकले, आणि आश्चर्य म्हणजे वर्गात पहिली आले. ओळीतले दोन-तीन शब्द डोळ्याने उचलायचे, उरलेलं मन आपोआप भरतं. तोदोरका मला आता आगगाडी म्हणते. माझा ढीग दुपारीच संपतो.

पण एक गोष्ट घडली आहे. तुझं पत्र मी जिन्यातच उघडलं आणि किल्ली कुलपात जायच्या आत ते वाचून संपलं. सगळं कळलं. फक्त तुझा आवाज आला नाही. पूर्वी तू लिहून रागवायचास तेव्हा मधेच नाक ओढणंसुद्धा ऐकू यायचं. मी टेबलाशी बसून पुन्हा वाचलं, मुद्दाम बोट फिरवलं, तरी कागद मुकाच. शिकवणाऱ्या मुलीला विचारलं, तर तिने माझं अभिनंदन केलं.

मला भीती वाटते रे. तो आवाज परत यायला शिकवणारं कुणी असतं का?

मावशीकडे बऱ्याच दिवसांत गेले नाही. येत्या रविवारी जाईन, बानित्सा मीच करून नेईन.

तुझी
रायना

*

सोफिया, १४ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

वर्गात पहिली! परीक्षा झाली की तुला विभागप्रमुख करायचं असं इथे चाललं आहे, आणि त्यात माझा हात नाही. आवाजाचं मनावर घेऊ नकोस. नवी सवय आहे, रुळेल. आणि माझा आवाजच हवा असेल तर फोन कर की गं.

घाईत आहे. मावशीला नमस्कार.

तुझा
ल्युबेन

*

रूसे, २१ ऑक्टोबर

चि. ल्युबेन यास आशीर्वाद.

पेनका मावशी गेली. फोनवर सांगायला हवं होतं, पण मला ते बोलवेना.

तिच्या दारावर तिच्या नवऱ्याचा, स्ताव्री काकांचा, मृत्यूचा कागद असतोच, तुला माहीत आहे. दर वर्षी ती नवा लावायची. गेल्या आठवड्यात येता-जाता मला दारावर ताजा कागद दिसला. काळी चौकट, क्रूस, आडनाव. तेवढं डोळ्याने उचललं आणि उरलेलं मनाने भरलं, की काकांना आणखी एक वर्ष झालं. मी तशीच वर गेले. एकदा नाही, रोज.

इथे कुणी दार वाजवून सांगत नाही. कागद लागला की सांगून झालं.

आधीचा रविवार कामात गेला, म्हणून परवा रविवारी बानित्सा घेऊन गेले आणि दार वाजवलं. गुडघ्यांमुळे तिला उठायला वेळ लागतो, म्हणून थांबले. हातात गरम ताट, करायला काही नाही, तेव्हा समोरचा कागद वाचू लागले. हळूहळू, ओठ हलवत. नाव तिचं होतं. घाईत लावलेला, फोटो नसलेला कागद. दफन शुक्रवारीच झालं होतं. तिचा सख्खा भाचा येऊन, घर बंद करून निघूनही गेला होता. वरच्या मजल्यावरच्या मारिकाने विचारलं, तुला कचेरीने रजा दिली नाही का गं? सगळ्यांना तेच वाटलं. मी मान खाली घातली.

मेलेल्यांची पत्रं वाचणं हे माझं काम, आणि ज्या बाईने मला वाचायला शिकवलं तिचा मृत्यू मी तिच्या दारासमोरून चालत वगळला.

दोष तुझा नाही. पेन्सिल मीच दातांत धरली. पण परीक्षेला मी बसणार नाही. सोमवारी कळवते आहे. भरभर वाचणं वाईट आहे असं मी म्हणत नाही. व्हिदिनच्या बाईला मी विसरलेले नाही. बिलं, नियम, परिपत्रकं हवी तेवढ्या वेगाने वाचा. पण मृत्यूच्या दाव्यांची पत्रं तरी या सक्तीतून काढ. ती हळू वाचणाऱ्यांकडे दे. ढीग राहिला तर आम्ही संध्याकाळी बसू, शनिवारी येऊ, जास्तीचा पगार मागणार नाही. तोदोरकाही तयार आहे.

कुणालाही सूट नाही, बहिणीला तर नाहीच, असं तू लिहिलंस ते मला पाठ आहे. तू नाही म्हणशील, हेही दिसतं आहे. तरीही मागते, बाळा. एवढी एक सूट दे.

माया आहे तशीच ठेव.

तुझी ताई
रायना