सरळ फाटलेले शर्ट

दादा,

मी कामाला होते तो कारखाना बंद पडल्यावर तू मदत घेऊन आलास आणि मी तुला दारातूनच परत पाठवलं. त्यानंतर आठवडाभरात शेजारच्या वहिनी माझ्याकडे रोज एक फाटका शर्ट शिवायला आणू लागल्या. "ऑफिसातल्या लोकांचे आहेत," म्हणतात, पण माझ्याकडे बघत नाहीत.

मला तेव्हाच संशय आला. कापड कशात अडकून फाटलं की धागे लोंबतात. हे सगळे कात्रीने सरळ कापलेले. चांगले शर्ट कोण कापतं? तरी मी मुकाट्याने प्रत्येक चिरेवर रंगीत दोऱ्याने एक पान भरत गेले. आता ती पानं बघून खरीखुरी गिऱ्हाइकंही येतात.

काल निळा शर्ट आला. कॉलरच्या आत माझ्याच हातची टीप. तुझ्या लग्नासाठी मी शिवलेला शर्ट, दादा. तोही कापलास?

हे पत्र मी टाकणार नाही. टाकलं तर तू कापायचं थांबवशील आणि आपल्यातलं एवढंही बोलणं बंद होईल.

निळ्या शर्टाला चीर एकच होती, मी पानं दोन भरलीत. जरा तुलाही संशय येऊ दे.

अजून रागावलेली,
तुझी धाकटी