छताची राखण

३ नोव्हेंबर
सकाळी शेजाऱ्यांची शिडी आणून मोटरहोमचं, आमच्या राहायच्या गाडीचं, छत पाहिलं. पानं, झाडाचा चिकट डिंक, पक्ष्यांची घाण. मऊ ब्रश आणि पातळ साबणाने निम्मं धुतलं. छतावर उभं राहायचं नसतं, आडवी फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकायचे. हे काम ही करायची. ही वजनाने हलकी. मी खाली नळी धरून सूचना द्यायचो. सूचना बहुतेक बरोबर असायच्या.
संध्याकाळी नेहमीप्रमाणे गाडीत बसून चहा केला. गाडीची बॅटरी उतरू नये म्हणून रोज बसावं लागतं. पलंगाच्या वर छताला बशीएवढा ओला डाग दिसला. म्हणजे गळती.
मुलीचा फोन. जावयाने गाडीला गिऱ्हाईक शोधलंय, शाळेत शिकवणारं जोडपं. आईला जाऊन आठ महिने झाले बाबा, गाडी नुसती अंगणात सडतेय, म्हणाली. मी म्हटलं, गळकी गाडी विकणं आपल्याला शोभत नाही. छत झालं की देऊन टाकू. दोन आठवड्यांचं काम.

४ नोव्हेंबर
गळती पकडायची तर आत मुक्काम हवा. पांघरूण आणि ही वही घेऊन आलो. फक्त पाहणीसाठी. मी बाकावर झोपतो. पलंग हिने लावून ठेवला तसाच आहे, उगाच कशाला विस्कटायचा. थंडी होती, गॅसचा हीटर लावला. घरातल्या सोफ्यापेक्षा झोप बरी लागली. अर्थात त्याचा इथे संबंध नाही.

८ नोव्हेंबर
छतातल्या झरोक्याभोवतीचं जुनं सीलंट, फटी बुजवायचा रबरी लेप, खरवडलं, स्पिरिटने पुसून नवीन भरलं. हात अजून स्थिर आहे. झरोका आता उघडणार नाही, पण उघडायचा कुणाला आहे.
डाग ताटाएवढा झाला. पाऊस नाही.
शेजारी शिडी मागायला आले. म्हणाले, शिडी गेली ती गेली, तिच्याबरोबर शेजारीही वर गेला, दोघांपैकी एकाला तरी खाली पाठवा. मी रविवारी देतो म्हटलं. कोणत्या ते सांगितलं नाही.

११ नोव्हेंबर
छताच्या मधोमध छत्रीसारखी एक टोपी आहे, खाली जाळी. हात धरला तर आतली हवा बाहेर जाताना कळते. हवा बाहेर जाते तर पाणी आत येणारच. सीलंट भरून बंद केली. दाराशी जमिनीलगतही एक जाळी सापडली. तिच्यातून गार वारा येतो. जुना स्वेटर कोंबला.
ही म्हणाली असती, जाळी करणाऱ्याने काहीतरी विचार करूनच ठेवली असेल ना. हिला प्रश्न फार पडायचे.

१४ नोव्हेंबर, सकाळ
डोकं जड. सीलंटचा वास बाधला असणार. छतावर तासभर काम केल्यावर उतरलं. व्यायामाचा गुण.
छताला वॅक्सही लावलं. वरून आरसा. आत मात्र थेंब टपकतोय, नेमका हिच्या उशीवर. उशी सरकवली.
पाऊस अजूनही नाही. म्हणजे पाणी जुनं आहे, थरांमध्ये साठलेलं. ते संपेपर्यंत कुणीतरी इथे असायला हवं.

१७ नोव्हेंबर
मुलगी विचारत होती, घरचा फोन उचलत नाही, झोपता कुठे. मी म्हटलं, घरीच. गाडी घराच्या अंगणात आहे, तेव्हा हे खोटं धरता येणार नाही. जावई मागून म्हणाला, दोन आठवडे झाले, गिऱ्हाईक खोळंबलंय. मी म्हटलं, छत म्हणजे सासरा नव्हे, जावयाने सांगितलं आणि ऐकलं. कुणी हसलं नाही.

१९ नोव्हेंबर
जेवताना भिंतीवरची डबी बोंबलायला लागली. हवेत विषारी वायू झाला की ओरडणारी. हिने हौसेने बसवली होती. सगळीकडे नाक लावून पाहिलं. धूर नाही, गॅसचा वास नाही. दमट हवेने बिघडली. सेल काढून ठेवले. आता शांत आहे.

२२ नोव्हेंबर
हीटरची ज्योत निळी असायची, आता पिवळी आहे. पिवळी जास्त उबदार दिसते.
अर्धं छत ओलं. काठ काळे पडलेत. बाहेरून सीलंटचा तिसरा थर. शिडीवर पाय लटपटले. नाश्ता झाला नव्हता. शेजारी शिडी धरून उभे राहिले, म्हणाले, तोंड केवढं लाल झालंय तुमचं. उन्हात काम केलं की होतं, म्हटलं. ते आभाळाकडे बघत म्हणाले, ऊन कुठाय.

२५ नोव्हेंबर
आज बाहेर पडलो नाही. उलटी झाली. शिळं खाल्लं असणार. हिच्याशी थोडं बोललो, गळतीविषयीच. अक्षर वाकडं येतंय, पेन खराब. हीटर मोठा केला. उद्या आणखी एक थर दिला की

३० नोव्हेंबर
काल हॉस्पिटलमधून घरी आलो. पंचवीसलाच दुपारी जावई गाडीचे फोटो काढायला आला, त्याने मला ओढत बाहेर काढलं. त्याची पाठ धरली आहे. हीटरचा विषारी वायू, त्याला वास नसतो, जाळ्या बंद, आणखी तासभर गेला असता तर, असं काहीतरी डॉक्टर म्हणाले. मग मुलीला बाहेर पाठवून त्यांनी मला विचारलं, हे मुद्दाम केलंत का. मी म्हटलं, गळती होती. त्यांनी ते लिहून घेतलं.
पाठ धरलेली असतानाही जावयाने छतावर नळीने पाणी सोडलं. आत थेंब नाही. मुलीने आतलं छत पुसून गाडी बंद ठेवली होती, तेही कोरडंच. तिने मला समोर बसवलं. बाबा, वरून काही येतच नव्हतं. हीटर, चहाची वाफ, तुमचा श्वास, तेच वर जाऊन खाली पडत होतं. मी म्हटलं, डाग आधीपासून होता. ती म्हणाली, आधीपासून तुम्हीही होतात, आई गेल्यापासून रोज संध्याकाळी, शेजारचे काका सांगत होते.
मी म्हटलं, म्हणजे छताचं काम पक्कं झालं होतं. ती उठून आत गेली. रडत असावी.

४ डिसेंबर
गिऱ्हाईक आलं. छताविषयी त्यांना बरंच सांगायचं ठरवलं होतं. बाईंनी शिडीवरून पाहिलं, म्हणाल्या, इतकं स्वच्छ छत आम्ही पाहिलं नाही. मग आत जाऊन त्यांनी झरोक्याचं सीलंट कापलं आणि झरोका उघडला. मी 'गाडी मागे घेताना जपून' एवढंच म्हणालो.
गाडी गेली. मुलगी म्हणाली, आमच्याकडे चला. आज नको, म्हटलं.
बेडरूममध्ये गेलो. पलंगावर मार्चपासूनची चादर होती. काढली, दुसरी घातली. इलॅस्टिकची चादर एकट्याला नीट बसवता येत नाही, एक कोपरा ओढला की समोरचा निघतो. तीनदा करून पाहिलं. मग एक कोपरा तसाच सोडला आणि आडवा झालो.