टोमॅटोच्या देठातलं बिऱ्हाड

चि. धाकटीस थोरलीचे आशीर्वाद. तुझे गुडघे कसे आहेत? माझे जागेवर आहेत, त्याहून जास्त विचारू नकोस.

पत्र लिहायचं कारण माझ्या गॅलरीतला टोमॅटो. (तूच म्हणालीस ना, इतका कसा माजलाय?) मी सगळ्यांना सांगायची, हाताचा गुण. तर गेल्या सोमवारी नातीने शेजारणीसमोर सांगितलं, गुण जंतूंचा! तीन वर्षं प्रयोगशाळेत खपून तिने झाडाच्या आत राहणारे जंतू शोधलेत म्हणे. मुळातून शिरतात, देठात बिऱ्हाड थाटतात आणि झाड वाढवतात. त्यातले थोडे तिने मला न विचारता माझ्या कुंडीत ओतलेले. मी म्हटलं, धुऊन टाकते. तर म्हणते, "आजी, बाहेरून कितीही धू, ते आत असतात. चांगले असतात गं!" जंतू आणि चांगले! मग जन्मभर मी भाज्या कशाला धुतल्या? आणि आतल्यांनी राबायचं, मिरवायचं झाडाने, ही तर तिच्या ऑफिसातलीच रीत. राबते ही, छापून येतं त्यात पहिलं नाव सरांचं.

दुसऱ्या दिवशी ती कामावर गेली आणि मी झाड मुळासकट उपटून फिनेलच्या बादलीत बुडवलं. कुंडीत उकळतं पाणी ओतलं. घरात म्हातारं माणूस आहे, जपायला नको? (ते म्हातारं माणूस मीच.)

संध्याकाळी पोर रडतच आली. सरांनी स्वतःचा पंखा लावायला फ्रिजची पिन काढलेली, चार दिवस कुणाला पत्ता नाही. जंतूंच्या सगळ्या बाटल्या नासल्या. (सरांनी "तांत्रिक अडचण" असं लिहून दिलं. पंखा मात्र झकास चालतो म्हणे.) डोळे पुसून म्हणाली, "नशीब, आजीच्या टोमॅटोत तरी जिवंत आहेत. देठातून परत काढता येतील." आणि गॅलरीत गेली.

आठवडा होत आला, माझ्याशी बोललेली नाही. ओरडली असती तर मीही ओरडले असते, बरं वाटलं असतं. पंधरा दिवसांत परीक्षक येणार. जंतू नाहीत तर पदवी नाही.

बाकी सगळं ठीक.

ता. क. गेल्या महिन्यात तू येऊन गेलीस आणि टोमॅटोची एक फांदी कमी झाली. तू पिशवीत घालून चोरलीस, हे मी सगळ्या नातेवाइकांना सांगितलंय. ती रुजली असेल तर मुळासकट ओल्या फडक्यात गुंडाळून तुझ्या जावयाबरोबर ताबडतोब पाठव. पाणी घालायचं तुझ्या ध्यानात राहत नाही, तरी तगली असेल. आत कामाची माणसं आहेत. धुऊ मात्र नकोस.

आणखी एक. सोबत नातीच्या नावाने चिठ्ठी दे, की फांदी थोरलीनेच जपायला दिली होती. चिठ्ठी आली की चोर म्हटलेलं मागे घेईन. नाही आली तर तू चोरच.